वडशाकडची अकरा ध्वनिमुद्रणे : चित्रपट-मालिकांच्या परवान्यासाठी संगीत तयार करण्याचे एक प्रकरण

गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य केंद्र आहे. दिवाळी आटोपली, गावोगाव मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, भरू लागल्या की येथील नाटक कंपन्यांचे संच रात्रभर चालणारे प्रयोग घेऊन गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत फिरतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर या रंगभूमीकडे बाहेरच्यांचेही लक्ष गेले. प्रस्तुत प्रकरणातील संगीतकार याच तालुक्यातील एका खेड्यात राहतात. हंगामात ते ऑर्गन वाजवतात आणि नाटकांना चाली देतात. हंगाम संपला की धानाची शेती करतात. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यानंतरच्या मोकळ्या दिवसांत, घरातल्याच एका खोलीत, संगणक, दोन माइक आणि दोन वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर, आणि काही वेळा बाहेरही, त्यांनी काही वर्षांत अकरा ध्वनिमुद्रणे जमवली होती. त्यांत तीन नाट्यगीते, एक खंजिरी भजन, रोवण्याची दोन गाणी, दोन गोंडी रेला गीते (गोंड समाजाची समूहगीते) आणि तीन पार्श्वसंगीताचे तुकडे होते. संबंधितांच्या इच्छेनुसार येथे कोणाचेही नाव दिलेले नाही.

मुंबईतील एका मालिकेच्या म्युझिक सुपरवायझरने, म्हणजे मालिकेसाठी संगीत निवडणाऱ्याने, हे संगीत एका नातेवाइकाच्या मोबाइलवर ऐकले आणि चौकशी केली. जंगलालगतच्या गावातील मंडईच्या रात्रीचे दृश्य होते आणि त्यासाठी दोन तुकडे हवे होते. पत्रात मागण्या स्पष्ट होत्या : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइल, गायनाविना वेगळी आवृत्ती, प्रत्येक वाद्यगटाचे स्वतंत्र स्टेम (म्हणजे वेगळी फाइल), आणि या संगीतावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही अशी सही केलेली लेखी हमी. मुदत थोडी होती. ही तयारी करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले.

संगीतकारांचा प्रश्न साधा होता : ‘‘सर, यातली कोणती दोन चांगली वाटतात ते सांगा, तीच पाठवू.’’ परंतु चित्राशी संगीत जोडण्याच्या परवान्यात, ज्याला या व्यवसायात सिंक म्हणतात, निवडीचा क्रम उलटा असतो. कोणता तुकडा देण्याचा अधिकार आपल्याला आहे हे आधी पाहावे लागते. तो कसा वाजतो हा प्रश्न त्यानंतरचा. निर्माता कोट्यवधींचा प्रकल्प एका लहानशा तुकड्यापायी न्यायालयात अडकू देत नाही, म्हणून ज्याची मालकी सिद्ध होत नाही ते संगीत कितीही सुंदर असले तरी बाजूला ठेवले जाते. खेड्यातल्या संगीताची अडचण नेमकी येथे आहे. ते अनेकांनी मिळून, पाठांतरावर आणि विश्वासावर घडवलेले असते, आणि विश्वासाची नोंद कोठेही नसते.

मालकीची तपासणी

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ प्रमाणे एका गाण्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो; ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. याशिवाय गायक-वादकांचा कलावंत म्हणून वेगळा हक्क ५० वर्षांचा असतो. चित्रपटाला परवाना देताना हे सगळे धागे एका हातात यावे लागतात. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी एक तक्ता केला : शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुद्रणाचा पुढाकार व खर्च कोणाचा, गायले-वाजवले कोणी, आणि त्यात बाहेरून घेतलेले काही आहे का.

पहिला धक्का नाट्यगीतांत बसला. तिघांपैकी जे गाणे गावोगाव सर्वांत गाजले होते, त्याचा अंतरा एका जुन्या हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर होता. झाडीपट्टीत ही रीत जुनी आहे. प्रेक्षकाला ओळखीची चाल ऐकून आनंद होतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परवान्याच्या व्यवहारात मात्र असे गाणे पूर्णपणे निरुपयोगी ठरते. मूळ संगीताच्या हक्काचा भंग करून केलेल्या ध्वनिमुद्रणाला कायद्याच्या कलम १३ नुसार स्वतःचा स्वामित्वहक्कच मिळत नाही, म्हणजे ज्याच्यावर आपला हक्क नाही त्याचा परवाना आपण देऊ पाहतो. संगीतकारांना हे पटायला वेळ लागला, कारण त्या गाण्यावर त्यांना हंगामभर वन्समोअर मिळाला होता. ते गाणे यादीतून काढले.

उरलेल्या दोन नाट्यगीतांच्या चाली सर्वस्वी त्यांच्या होत्या. प्रश्न असा होता की कंपनीच्या मालकाने बिदागी दिली म्हणून हक्क कंपनीकडे गेला काय? संगीतकार पगारी नोकर नव्हते, प्रयोगागणिक मानधन घेत होते. आणि कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असल्याखेरीज वैध नसते. असा कागद कोणाकडेही नव्हता, त्यामुळे चाल संगीतकारांची आणि शब्द नाटककाराचे राहिले होते. मुद्रण मात्र कंपनीच्या खर्चाने आणि पुढाकाराने नागपूरच्या स्टुडिओत झाले होते. कायदा ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणून पुढाकार व जबाबदारी घेणाऱ्यालाच ओळखतो, म्हणून ती फाइल संगीतकारांच्या संगणकात असली तरी देण्याजोगी नव्हती. दोन वाटा होत्या : कंपनीकडून लेखी संमती घेणे किंवा नवे मुद्रण करणे. कंपनीचा हंगाम जवळ आला होता, मालक गावोगावच्या तारखा ठरवण्यात गुंतले होते. त्यामुळे एका गीताची वाद्यांवरची आवृत्ती नव्याने मुद्रित केली. ब्रह्मपुरी तालुक्यात राहणाऱ्या नाटककारांनी शब्दांसाठीही आनंदाने सही दिली, जरी या खेपेला शब्द लागणार नव्हते.

खंजिरी भजनाबाबत सर्वांचा समज असा होता की ते तर राष्ट्रसंतांचे भजन आहे, साऱ्या गावाचे आहे. भक्तीच्या दृष्टीने ते खरेच आहे. परंतु तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील स्वामित्वहक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत टिकतो. भजन मंडळाने ते मंदिरात म्हणणे आणि मालिकेने ते विकत घेतलेल्या संगीताप्रमाणे वापरणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत. हक्कधारकांची परवानगी मुदतीत मिळणे शक्य नव्हते आणि चाल मुळात कोणी बांधली हेही ठरवता आले नाही. त्यामुळे भजन बाजूला ठेवले. माझ्या मते मुदत नसती तरी येथे घाई करू नये. ज्या शब्दांवर लोकांची श्रद्धा आहे ते कोणत्या दृश्याखाली वाजणार हे लेखी कळल्याशिवाय कोणीही संमती देऊ नये, मागूही नये.

रोवण्याच्या गाण्यांत परिस्थिती नेमकी उलट होती. शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचे, कर्ता अज्ञात, त्यामुळे शब्द-चालीवर कोणाचा हक्क उरलेला नाही. तरी मुद्रण नवे होते आणि बांधीत पऱ्हे (धानाची रोपे) रोवताना गाणाऱ्या बाया त्याच्या कलावंत होत्या. त्यांच्यापैकी सर्वांत वयस्क आजींनी हा भेद कायद्याचे एकही कलम न ऐकता अचूक सांगितला : ‘‘गाना आमच्या आजीचा, पर आवाज त आमचा आहे ना बापू?’’ संमतीपत्र मराठीत लिहिले, सगळ्यांसमोर वाचले, मग त्यांच्या बोलीत समजावले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे अंगठे दोन साक्षीदारांसमोर घेतले. दुसऱ्या गाण्यात एक मुलगी मुद्रणाच्या वेळी आणि अजूनही अठरा वर्षांखालील होती. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीशी केलेला करार भारतीय करार कायद्याप्रमाणे टिकत नाही. पालकांची सही आवश्यक होती आणि तिचे वडील कामासाठी बाहेरगावी होते. ते गाणे मुदतीत देता आले नाही.

गोंडी रेला गीतांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोरची तालुक्यातील तरुणांनी ढोलावर ती वाजवली व गायली होती. लोकगीतावर समाजाचा सामूहिक हक्क सांगणारी स्वतंत्र तरतूद आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात नाही, त्यामुळे कागदोपत्री वादकांच्या सह्या पुरेशा होत्या. पण तेवढ्यावर थांबणे मला योग्य वाटले नाही. संगीतकारांना घेऊन त्या गावच्या जाणत्यांना दोन्ही मुद्रणे ऐकवली. त्यांनी एका गाण्याला हरकत घेतली नाही, कारण ते लग्नसराईत, सणात कोठेही नाचताना म्हणतात. दुसरे मात्र पेनाच्या, म्हणजे गोंडी देवाच्या, पूजेतले होते. ते देवाच्या ठाण्याबाहेर वाजू नये असे त्यांनी सांगितले. ते मुद्रण त्याच बैठकीत यादीतून काढले आणि वादकांनीही ते मान्य केले. कायद्याने दिलेली मुभा आणि समाजाने दिलेली संमती यांत अंतर असेल तेथे संमतीच धरून चालावे, आणि ते केवळ सौजन्य म्हणून नव्हे. उद्या मालिका लागल्यावर त्याच गावातून आक्षेप आला, तर निर्माता त्या भागातील संगीताकडे पुन्हा वळणार नाही.

पार्श्वसंगीताचे तिन्ही तुकडे संगीतकारांनी एकट्याने केले होते, म्हणून तेथे अडचण नसेल असे वाटले होते. एक तुकडा खरोखर निर्वेध निघाला. दुसऱ्यात बासरीची एक ओळ इंटरनेटवरून ‘मोफत’ म्हणून उतरवलेली होती. तिचा परवाना कोठे सापडेना. मोफत ऐकायला मिळणे आणि व्यापारी चित्रीकरणात वापरण्याची मुभा असणे यांचा काही संबंध नाही. ती ओळ काढून शेजारच्या गावातील बासरीवादकाकडून नवी वाजवून घेतली, आणि ती जुन्या ओळीसारखी मुद्दाम ठेवली नाही. तिसऱ्या तुकड्यात असे उसने आवाज इतके होते की तो सोडूनच दिला.

आणखी एक गोष्ट अनपेक्षित निघाली. संगीतकारांच्या पुतण्याने यांपैकी काही मुद्रणे एका वितरकामार्फत व्हिडिओ मंचावर चढवली होती आणि तेथे आपोआप हक्क सांगणारी ओळखप्रणाली सुरू केली होती. मालिकेची झलक त्या मंचावर आली असती, तर निर्मात्याच्याच व्हिडिओवर हक्काचा दावा लागला असता. वितरकाशी केलेला करार वाचला. तो अनन्य नव्हता, म्हणजे हक्क एकट्या वितरकालाच दिलेले नव्हते, हे नशीब. मालिकेच्या वाहिनीला सूट मिळण्याची सोय आधी लावून घेतली.

आवाजाची तयारी

जुनी मुद्रणे सीडीच्या मापाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिटची होती. चित्राचे काम ४८ किलोहर्ट्झवर चालते. फाइल रूपांतरित करता येते, पण जे मुळात मुद्रित झालेच नाही ते रूपांतराने येत नाही. म्हणून जे पुन्हा वाजवता येण्याजोगे होते ते नव्याने मुद्रित करायचे आणि जे पुन्हा होणार नाही ते तसेच, खरी माहिती लिहून द्यायचे असे ठरले. बांधावर हातातल्या रेकॉर्डरवर घेतलेले रोवण्याचे गाणे दुसऱ्या गटात आले. त्यात पाण्याचा, चिखलात पावले पडण्याचा आवाज होता, आणि खोलीत बसून ते गाणे पुन्हा म्हणवून घेणे म्हणजे त्यातला जीव काढून घेणे झाले असते.

नव्या मुद्रणात दोन शत्रू होते. पहिला टिनाच्या छपरावरचा पाऊस. त्यावर उघडीप होण्याची वाट पाहणे हाच उपाय. दुसरा विजेची गुणगुण. घराचे अर्थिंग कमकुवत असल्याने ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींतला गुंजारव घरी केलेल्या प्रत्येक जुन्या मुद्रणात होता. इन्व्हर्टर लावल्यावर तो वाढला, कारण स्वस्त इन्व्हर्टरची वीज शुद्ध साइन लहरीची नसते. शेवटी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस त्याच्याच यूएसबीवर चालवला, तेव्हा आवाज स्वच्छ झाला. ग्रामीण भागात घरी मुद्रण करणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट आधी करून पाहावी.

स्टेमसाठी वाद्ये वेगवेगळी मुद्रित करणे भाग होते. रेला गीतात ढोल आणि गायन एकमेकांच्या दमावर चालते. आधी ढोल, मग गायन अशी विभागणी केली तेव्हा वादक अवघडले. तेव्हा ढोल अंगणात आणि गाणारे खोलीत, दार किंचित उघडे, एकमेकांना दिसतील असे बसवले. थोडा आवाज एकमेकांत मिसळला, परंतु चाल जिवंत राहिली आणि स्टेम वापरता येण्याइतके वेगळे झाले. सगळे स्टेम एकाच शून्य बिंदूपासून सुरू व्हावेत आणि एकत्र वाजवले असता पूर्ण मिक्स तंतोतंत उभे राहावे, ही कसोटी. पूर्ण मिक्सवर लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारी प्रक्रिया) लावलेला असेल तर ही बेरीज जुळत नाही, म्हणून लिमिटर काढला.

मिक्सची पातळीही बदलावी लागली. मंडईच्या भोंग्यांवर आणि मोबाइलवर जोरात वाजावे म्हणून संगीतकारांनी सगळे दाबून मोठे केले होते. चित्रपट-मालिकेत संगीत संवादाखाली बसते आणि अंतिम पातळी मालिकेचा मिक्सिंग अभियंता ठरवतो. युरोपीय प्रक्षेपण संघाच्या आर १२८ शिफारशीत संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारी पातळी मोजण्याचे एकक) धरली आहे. दाबलेले संगीत तेथे फक्त हळू केले जाते आणि त्यातला चढउतार मात्र कायमचा गेलेला असतो. शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवून मोकळा श्वास असलेले मिक्स केले. हळूहळू विरत जाणारे शेवट काढून समेवर स्पष्ट थांबणारे शेवट वाजवून घेतले, कारण संपादकाला दृश्य कोठे तोडायचे हे अशा शेवटावरूनच ठरवता येते. प्रत्येक तुकड्याची पूर्ण, गायनाविना, ६० सेकंदांची, ३० सेकंदांची आणि केवळ शेवटच्या तडाख्याची अशा आवृत्त्या केल्या.

फाइलमधील माहिती हे कंटाळवाणे वाटणारे पण निर्णायक काम आहे. काही परदेशी प्रणाली देवनागरी नाव वाचू शकत नाहीत, म्हणून फाइलचे नाव रोमन लिपीत आणि मराठी नाव वर्णनात दिले. ‘काळी दोन’ ही पट्टी मुंबईच्या संपादकासाठी ‘डी शार्प’ अशीही लिहिली. ढोलाची लय गाण्याच्या ओघात वाढत जाते, तेथे एकच आकडा न देता सुरुवातीची आणि शेवटची गती दिली. गोंडी गीताचे शब्द देवनागरीत लिहून त्यांचा मराठी अर्थ जोडला, कारण वाहिनीला आपल्या प्रेक्षकांपुढे नेमके काय म्हटले जात आहे हे माहीत असावे लागते. वेव्ह फाइलमध्ये घातलेली माहिती सगळीकडे सारखी वाचली जात नाही, म्हणून ऐकण्यासाठी माहिती भरलेल्या एमपीथ्री प्रती वेगळ्या दिल्या. प्रत्येक आवृत्तीला तिचा स्वतंत्र बारा अंकाक्षरी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, घेतला. पूर्ण गाण्याचा क्रमांक गायनाविना आवृत्तीला चालत नाही.

करार

मुदतीत पाच तुकडे पाठवता आले : पार्श्वसंगीताचे दोन, नाट्यगीताची वाद्य-आवृत्ती, रोवण्याचे एक गाणे आणि एक रेला गीत. निर्मात्याने दोन निवडले, बासरीचा तुकडा आणि रेला. सोबत आलेल्या करारात हक्कांचे कायमचे हस्तांतरण आणि ‘सर्व प्रकारच्या रॉयल्टीचा त्याग’ अशी ओळ होती. ही ओळ अशा करारांत सर्रास असते, आणि गावाकडचा कलावंत ती वाचत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ नुसार गीतकार आणि संगीतकार यांना, चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून अन्य वापराच्या रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क सोडताच येत नाही. वारस किंवा नोंदणीकृत हक्कसंस्था यांखेरीज तो दुसऱ्याला देता येत नाही. हे कलम दाखवून नम्रपणे दुरुस्ती सुचवली आणि ती मान्य झाली. हस्तांतरणाच्या जागी अनन्य नसलेला परवाना आला, त्याची मुदत, देश आणि माध्यमे स्पष्ट लिहिली गेली. हे लिहिण्याचे महत्त्व असे की मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत.

रक्कम चाल आणि मुद्रण अशा दोन समान भागांत आली. रेला गीताची चाल संगीतकारांची नव्हती, त्यांनी फक्त मुद्रण केले होते. म्हणून चालीचा संपूर्ण भाग त्यांनी वादकांच्या गावाकडे दिला, आणि मुद्रणाच्या भागातील निम्मी रक्कम वादक-गायकांत समान वाटली. असे वाटप कायद्याने सक्तीचे नव्हते. ते कोऱ्या कागदावर लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन, पैसे येण्याआधी ठरवले होते, आणि पैसे आल्यावर एकही वाद झाला नाही याचे श्रेय त्या कागदाला आहे. प्रक्षेपणाची रॉयल्टी मिळण्यासाठी संगीतकार आयपीआरएसचे सभासद झाले. ही संस्था २०१७ पासून शब्द व संगीत यांची नोंदणीकृत हक्कसंस्था आहे. मालिकेच्या क्यू शीटमध्ये, म्हणजे वापरलेल्या संगीताच्या नोंदयादीत, तुकड्याचे नाव, कर्ता आणि सेकंदांतला कालावधी बरोबर नोंदवला जावा म्हणून तो तपशील आम्हीच भरून पाठवला. क्यू शीटमध्ये ‘पारंपरिक’ एवढेच लिहून मोकळे होण्याकडे कल असतो. रेला गीतापुढे ‘पारंपरिक, गोंडी’ आणि गावाच्या मंडळाचे कलावंत म्हणून नाव, असे लिहिण्याचा आग्रह धरला व तो पाळला गेला.

उरलेल्या मुद्रणांची आजची स्थिती अशी आहे. रोवण्याच्या दुसऱ्या गाण्यासाठी मुलीच्या वडिलांनी गावी आल्यावर सही केली आणि ते आता देण्याजोगे आहे. भजनासाठी हक्कधारकांना पत्र लिहिण्याचे ठरले असून त्यात कोणत्या प्रकारच्या दृश्याला ते देणार नाही हेही लिहायचे आहे. नाट्यगीतांच्या स्टुडिओतील मूळ मुद्रणांबाबत कंपनीच्या मालकांशी हंगाम संपल्यावर बोलणे होईल. संगीतकारांनी आता एक पानाचे मराठी संमतीपत्र छापून घेतले आहे. माइक लावण्याआधी ते वाचून दाखवतात, सही किंवा अंगठा घेतात, आणि गायले-वाजवले कोणी, तारीख व जागा कोणती, हे त्याच पानाच्या मागे लिहितात.